बायजाच्या गोळीचं माप

"खालून दुसरी ओळ वाचा," डॉक्टर म्हणाले.

दस्तगीरमामांनी वाचली.

"आता शेवटची."

शेवटचीही वाचली. तिच्याही खाली, तक्त्याच्या कडेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. तेही त्यांनी वाचलं आणि विचारलं, "ह्येच्या म्होरं फाटलंय का वो?"

डॉक्टर उठून तक्त्याजवळ गेले, चष्मा वर करून वाकले. फाटलं होतं.

शाळेच्या त्या खोलीत उत्सव समितीचे आम्ही सगळे सभासद बाकांवर गुडघे मुडपून बसलो होतो. सरपंच वसंतराव ढोणे म्हणाले, "म्हणजे डोळे शाबूत आहेत?"

"माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"अडुसष्टाव्या वर्षी?"

"मी वय तपासलं नाही, डोळे तपासले."

"मग हात थरथरत असणार."

"मी हाताचा डॉक्टर नाही," असं म्हणून डॉक्टरांनी तक्ता गुंडाळला आणि एसटी गाठली.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, ललितापंचमीच्या दिवशीची. दसऱ्याला पाच दिवस होते.

नांदवळ्याचं संस्थान साडेसात गावांचं. उरलेलं अर्धं गाव नदीपलीकडे, दुसऱ्या संस्थानात. ते अर्धं आपल्याला मिळावं म्हणून दोन्ही संस्थानिक पन्नास वर्षं कोर्टात भांडले, आणि निकाल लागायच्या आत देश स्वतंत्र झाला. संस्थान विलीन झालं तेव्हा मागे तीन गोष्टी राहिल्या. श्रीमंत अप्पासाहेब थोरवडे, त्यांच्या मिशा आणि बायजा.

बायजा ही बंदूक. एकनळी, शंभर वर्षांच्या वरची, उंचीने माझ्या खांद्याला येणारी. तिच्या दस्त्याखाली एक कडी होती. कडी खाली ओढली की नळीचं मागचं तोंड उघडायचं, एक काडतूस आत सारायचं, कडी मिटायची आणि बार काढायचा. परत बार हवा असेल तर परत हाच सगळा सोपस्कार. अशी काडतुसं बाजारात मिळणं केव्हाच बंद झालं होतं, त्यामुळे पितळेची तीच ती जुनी टरफलं दरवर्षी घरीच भरायची आणि शिशाच्या गोळ्या घरीच ओतायच्या. परवाना अप्पासाहेबांच्या नावावर, त्याच परवान्यावर सेवक म्हणून दस्तगीर जमादारांचं नाव. बंदूक चालवायची ती फक्त जमादारांनी. सात पिढ्यांचा मान.

हा मान वर्षातून एकदाच, दसऱ्याला. संध्याकाळी पालखी गावच्या शिवेवर यायची. तिथे दोन बांबूंच्या मधे दोरीला एक लोटकं टांगलेलं असायचं, गुलालाने भरलेलं. सत्तर पावलांवरून जमादारांनी ते बायजाने फोडायचं. तीन बारांची मुभा. लोटकं फुटलं, गुलाल उडाला, की जमादारांनी आपट्याचं पहिलं पान तोडून अप्पासाहेबांच्या हातावर ठेवायचं. मग सगळ्या गावाने सोनं घ्यायचं. त्याआधी पानाला कुणी हात लावायचा नाही.

दस्तगीरमामांनी पस्तीस वर्षं ते लोटकं फोडलं. बहुतेक वेळा पहिल्याच बाराला. मग एका वर्षी तिन्ही बार फुकट गेले. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. तिन्ही वेळा शेवटी सरपंचांनी पुढे होऊन लोटकं काठीने फोडलं. लोकांनी सोनं घेतलं, पण एकमेकांना देताना जरा खाली बघून दिलं.

त्यामुळे त्या पंचमीला समितीने ठराव केला. यंदाही नेम चुकल्यास मान सरपंचांचे पुतणे चिरंजीव रणधीर यांच्याकडे जाईल, आणि ते तो आपल्या बारा बोअरच्या बंदुकीने बजावतील. बारा बोअरमधून छर्‍यांचा मूठभर पाऊस पडतो. तिने लोटकं चुकवायचं तर पाठ करून उभं राहावं लागतं.

ठराव माझ्या हाताने लिहिला गेला. मी तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, एम.एस्सी. होऊन तीन वर्षं झाली होती, आणि लेखी कामाला कुणीतरी शिकलेलं पाहिजे एवढ्यासाठी मला समितीत घेतलं होतं.

बाहेर पडलो तर मामा पायरीवर थांबलेले.

"लिवलंत का, उपळेकर सर?"

"लिहिलं."

"अक्षर नीट काढलंत न्हवं? सात पिढ्यांचं हाय. जायचंच तर चांगल्या अक्षरात जाऊ द्या."

शिकलेला माणूस अशा वेळी करतो तेच मी केलं. म्हणालो, "आपण कारण शोधू."

"कारण म्या हाय असं गाव म्हणतंय."

"गावाने मोजून पाहिलंय का?"

"सकाळी शिवंवर या," मामा म्हणाले. "तुमाला एक दावतो. म्या कुणाला दावलं न्हाई. लोक म्हणतील म्हातारा निमित्त काढतोय."

दुसऱ्या दिवशी शिवेवर गेलो. लोटकं टांगायच्या जागेमागे मातीचा बांध आहे. गोळी कुठे लागली ते कळावं म्हणून त्या बांधावर कधी काळी कुणीतरी कुटुंबनियोजनाची पत्र्याची पाटी ठोकली होती. पाटीवर आई, वडील आणि दोन मुलं हसत होती, आणि वीसेक वर्षांच्या गोळ्यांनी त्यांची चाळण झालेली होती.

"ही बघा जुनी भोकं," मामा म्हणाले. सगळी मधोमध, वडिलांच्या छातीवर, आणि सगळी रुपयासारखी गोल. "आन् ही तीन वर्सांतली."

नवीन भोकं पाटीभर विखुरलेली होती. एक आईच्या कानाजवळ, दोन थेट घोषवाक्यात. पण मला त्यांची जागा दिसली नाही, आकार दिसला. ती भोकं गोल नव्हती. लांबोडी होती, बाभळीच्या शेंगेच्या पेरासारखी. गोळी टोकाने न शिरता आडवी होऊन शिरली होती.

मी एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणालो, "मामा, डोळा चुकला असता तर भोक चुकीच्या जागी पडलं असतं. चुकीच्या आकाराचं नसतं पडलं."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

मग मी त्यांना व्याख्यान दिलं. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसली की पीळ घेत बाहेर पडते, भोवऱ्यासारखी. फिरता भोवरा आरीवर उभा राहतो आणि न फिरणारा आडवा पडतो. गोळी नळीला सैल झाली की खाचा तिला धरत नाहीत, दारूचा सगळा धूर तिच्या बाजूने निसटतो, आणि ती लोळण घेत जाते.

"म्हंजे गोळी सैल हाय."

"असणार. साचा कुठला तुमचा?"

"आज्ज्याचा. तवापास्नं त्योच."

"मग नळी झिजली असणार. शंभर वर्षं बार काढताय."

"तीन वर्सांमागं एकदम झिजली?"

"झीज ही अशीच असते," मी म्हणालो. ती तशी नसते. पण सिद्धान्त इतका सुबक जमला होता की मला त्यात बोट घालवेना.

नळीचं माप काढायचं तर आतल्या खाचांपर्यंत मोजपट्टी पोचत नाही. त्याला एक युक्ती आहे. मऊ शिशाचा जरा जाड गोळा नळीच्या तोंडात ठेवायचा आणि लाकडी दांड्याने ठोकत ठोकत दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा. शिसं दाबलं जातं, खाचांत शिरतं, आणि बाहेर पडतं तेव्हा नळीचा ठसा घेऊन येतं. मग तो ठसा मोजायचा.

हा कार्यक्रम अप्पासाहेबांच्या ओसरीवर झाला. मी ठोकत होतो, मामा बायजाला धरून बसले होते, आणि अप्पासाहेब आरामखुर्चीत प्रत्येक ठोक्याला पापणी मिटत होते.

"आमच्या आजोबांनी तिच्यात कधी काही ठोकलं नव्हतं," ते म्हणाले.

"हुकुम असंल तर थांबवतो, सरकार," मामा म्हणाले.

"आता अर्ध्यात आलंय. आता थांबलात तर तिच्यात राहील." अप्पासाहेब आयुष्यात घेतलेले बहुतेक निर्णय असेच घेत.

गोळा बाहेर आला. त्याच्यावर सात खाचा अशा स्वच्छ उमटल्या होत्या की तिघेही खूश झालो. मी कॉलेजातून रुमालात गुंडाळून आणलेलं स्क्रूगेज काढलं. प्रयोगशाळा क्रमांक सात. विद्यार्थी दहा वर्षं या यंत्राने तारेची जाडी मोजत आले होते, आणि त्या तारेचं पुढे कुणी काही केलं नव्हतं. स्क्रूगेजच्या इतिहासात आज पहिल्यांदाच एखाद्या उत्तराची कुणाला तरी गरज होती.

ठसा भरला बारा पूर्णांक एक दशांश मिलिमीटर. मामांच्या साच्यातली गोळी भरली अकरा पूर्णांक सात.

"चार दशांशचा फरक," मी म्हणालो. "मामा, तुमचा नेम कधीच चुकला नाही. तुमची गोळी चार दशांश मिलिमीटर कमी आहे."

"ह्ये लिहून देता?"

"देतो."

"चांगल्या अक्षरात," मामा म्हणाले.

तालुक्याला निवृत्ती पांचाळांचं लेथचं वर्कशॉप होतं. त्यांच्यापुढे मी आकडा ठेवला. बारा पूर्णांक एकचा साचा पाहिजे, नवमीच्या आत. पांचाळांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

"बंदूक कुठाय?"

"बंदुकीची काय गरज? माप आणलंय ना."

"सर, शिंपीसुदिक मापाला माणूस बोलावतो."

"हे शास्त्रीय माप आहे."

पांचाळांनी आकड्याबरहुकूम, केसाचाही फरक न करता, बारा पूर्णांक एकचा साचा केला. अष्टमीला मामांनी त्यात सहा गोळ्या ओतल्या. चकचकीत, जाडजूड, देखण्या गोळ्या. खंडेनवमीला सकाळी, पूजेआधी साफ करायला म्हणून, बायजा मामांच्या हातात आली, आणि आम्ही पहिली गोळी लावून पाहिली.

ती आत गेली नाही. टरफलाच्या तोंडातही बसेना आणि नळीच्या तोंडातही. मामांनी अंगठ्याने दाबून पाहिली, मग मी दाबून पाहिली, जणू माझ्या अंगठ्याला पदवी होती. दुसरी गोळी लावली, तिसरी लावली. बायजाने सहाच्या सहा नाकारल्या.

मी सायकल काढली आणि गोळ्या खिशात घालून सात किलोमीटर पांचाळांकडे गेलो. त्यांच्या लेथला झेंडूचा हार घातलेला होता. पलीकडच्या पाटावर हातोडा, कानशी, पाने आणि त्यांचं व्हर्नियर ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू लावलेलं होतं.

"पांचाळ, साचा चुकला."

त्यांनी एक गोळी उचलली. मग क्षणभर विचार करून, देवाची माफी मागितल्यासारखं करून, पाटावरचं व्हर्नियर उचललं आणि गोळी मोजली. "बारा एक. तुम्ही जे मागितलं त्येच हाय. तुमचं यंत्र बघू."

मी स्क्रूगेज दिलं. त्यांनी ते काही न धरता, रिकामंच, हलकेच शेवटपर्यंत मिटवलं आणि माझ्यासमोर धरलं.

मिटलेल्या, रिकाम्या स्क्रूगेजवर शून्य दिसायला पाहिजे होतं. दिसत होते शून्य पूर्णांक तीन.

याला शून्य त्रुटी म्हणतात. यंत्र मुळातच जेवढं चुकीचं दाखवतं तेवढं प्रत्येक मापातून वजा करायचं असतं. अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी हेच शिकवतो. सगळी मापं तीन दशांशांनी फुगली होती. नळी खरी अकरा आठ, गोळी खरी अकरा चार. दोन्हींतला फरक तेवढा बरोबर होता, कारण दोन्हीकडे मी सारखंच चुकलो होतो.

"आमचा महेश सांगत व्हता," पांचाळ म्हणाले, "वजा करायचं असतं म्हनं. त्येचं राहिलं म्हणून तुम्ही दोन मार्क कापलं."

मी दोन मार्क परत देण्याचं कबूल केलं. "नवा साचा करून द्या. आज."

"आज खंडेनवमी."

"माहीत आहे."

"मशीन बसलंय, सर." त्यांनी लेथकडे असं पाहिलं की आत कुणीतरी झोपलंय. "उद्या दसऱ्याची पूजा झाल्याबिगर ते उठत न्हाई. वरीसभर ते माझं ऐकतं. दोन दिस मी त्येचं ऐकतो."

यावर वाद घालता आला असता. पण मी सहा निरुपयोगी गोळ्या खिशात घेऊन उभा होतो आणि माझ्या वतीने बोलणारं विज्ञान तीन दशांशांनी फुगलेलं होतं.

दुपारी मामांच्या घरी पोचलो. ते पडवीत बसले होते. पुढ्यात ताटलीत जुन्या साच्यातल्या, सैल, तीन गोळ्या. बाजूला भिंतीला टेकलेली बायजा आणि लोबानाचा धूर. मी सगळं सांगितलं. शून्य त्रुटीही सांगितली, लपवली नाही.

"म्हंजे तुमचं यंत्र बी आंधळंच की," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, सोबत मिळाल्याचं समाधान होतं. "ऱ्हाऊ द्या, सर. रणधीर चांगला पोरगा हाय. उद्या तीन बार काढतो आन् बायजा त्याच्या म्होरं ठेवतो."

"ते बारा बोअर वापरणार आहेत."

"व्हय की." त्यांनी ताटलीतल्या गोळ्या उगीच सरळ केल्या. "मग हिला कोण वापरणार न्हाई."

तेवढ्यात त्यांची मुलगी शमशाद चहा घेऊन आली. तिला बोरगावला दिलेली होती. तिथे ती अंगणवाडी चालवायची. आईच्या माघारी दसऱ्याला माहेरी आली ती याच वर्षी. मधली तीन वर्षं एक बाळंतपण, मग सासूचं आजारपण, मग आणखी एक बाळंतपण. तिने माझ्या हातात कप दिला आणि ताटलीकडे बघत तशीच उभी राहिली.

"अब्बा, या उद्याच्या?"

"व्हय."

"अशाच? उघड्या?"

मामांनी मान वर केली नाही. "आता कोण घालणार चोळ्या? तुझी अम्मा गेली तवापास्नं उघड्याच जातात."

मी कप खाली ठेवला. "कसल्या चोळ्या?"

"काय न्हाई वो. हिच्या आईची एक रीत व्हती. दसऱ्याच्या आधल्या दिवशी उपास धरायची, लोबान लावायची, बायजावरनं लिंबू उतरायची, सब्जाची फुलं वाहायची. आन् गोळ्यांना कागदाच्या चोळ्या घालायची. म्हणायची, बायजा बाईमाणूस हाय, तिच्या घरातनं कुणी उघडं बाहिर पडू नये."

"आणि ती गेल्यावर?"

"सगळं कुठं जमतंय गड्याला? लोबान तेवढा चालू ठेवला," मामा म्हणाले. "कागद सोडला."

पडवीत लोबानाचा छान वास सुटला होता. मी शमशादला विचारलं, "तो कागद कुठला असायचा?"

ती आत गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक पुडकं घेऊन आली. त्यात कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, दोन्ही टोकांना तिरक्या कापलेल्या. साठ-सत्तर असतील. मी एक उलगडली. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा' एवढं त्यावर होतं, पुढचं दुसऱ्या पट्टीवर गेलं होतं.

"सोसायटीच्या सभेच्या नोटिसा," शमशाद म्हणाली. "अम्मा साठवायची. वर्तमानपत्राचा कागद पातळ पडतो, वहीचं पुठ्ठं जाड. तिने सगळं करून बघितलेलं. म्हणायची, नोटीसच बरोबर बसते."

"बरोबर म्हणजे कशी?"

"दोन वेढे द्यायचे आणि गोळी नळीच्या तोंडाशी लावून बघायची. अडली पाहिजे पण थांबली नाही पाहिजे." ती हे भाकरीच्या पिठाबद्दल बोलावं तसं बोलत होती.

मी खिशातून स्क्रूगेज काढलं. ते रिकामं मिटवलं, तीन दशांश वाचले, आणि या खेपेला बोटावर मोजून लक्षात ठेवले. मग नोटीस त्यात धरली. आकडा आला शून्य पूर्णांक चार. त्यातून तीन वजा. राहिला एक दशांश.

दोन वेढे. गोळीच्या या बाजूला दोन थर, त्या बाजूला दोन थर. चार थर.

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चार थरांचे चारच दशांश आले, गोळी नळीला कमी होती तेवढेच. मग मी स्क्रूगेज रुमालात गुंडाळून ठेवलं, कारण त्या घरात ते काढून बसायची मला जरा लाज वाटायला लागली होती.

"शमशाद," मी म्हणालो, "तुला चोळी घालता येते?"

"लहानपणापासून. अम्मा एक घालायची, मी एक घालायची."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं अब्बा घालत असतील. पत्रात कुणी असं लिहितं का, कागद गुंडाळला का म्हणून?" ती खाली बसली, पदर खोचला आणि ताटलीतली पहिली गोळी उचलली. पट्टी जरा ओली केली, गोळीवर दोन वेढे दिले, खालचं शेपूट पीळ देऊन मुरडलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मामांनी ती गोळी बायजाच्या तोंडाशी लावली. ती अडली. थांबली नाही.

मामांनी ती ताटलीत वेगळी ठेवली. मग शमशादला म्हणाले, "लिंबू बी उतरून टाक. आता काय सोडायला नको."

दसऱ्याला शिवेवर साडेसातही गावं लोटली होती. नेम चुकणार हे बघायला माणसं जरा जास्तच येतात. रणधीर नवा फेटा बांधून, बारा बोअर खांद्याला लावून उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मी लोटक्यापासून बाजूला, पाटीच्या कडेला, बांधाआड उभा राहिलो.

मामांनी बायजाची कडी ओढली, काडतूस सारलं, कडी मिटली. बार झाला. ढगाएवढा पांढरा धूर झाला आणि विरला. लोटकं होतं तिथेच लोंबत होतं.

गर्दीतून एक लांब 'हां' आला. सरपंचांनी काठी हातात घेतली.

मी बांधाआडून निघून पाटीशी गेलो. नवं भोक लोटक्याच्या उजवीकडे वीतभर अंतरावर होतं. तीन वर्षं लोळणाऱ्या गोळ्यांना सावरता सावरता मामांना उजवीकडे धरून मारायची सवय लागली होती. पण भोक गोल होतं, रुपयासारखं.

मी ओरडलो, "मामा, गोल आहे."

साडेसात गावांतल्या दोन-तीन हजार माणसांनी माझ्याकडे पाहिलं. पदार्थविज्ञानाचा मास्तर भर दसऱ्याला कुटुंबनियोजनाच्या पाटीशेजारून काय ओरडतोय ते कुणाला कळलं नाही. एकाला कळलं. त्यांनी टोपी काढून परत घातली.

मी बांधाआड पळालो. दुसऱ्या बाराला मामांनी उजवीकडे धरलं नाही, पस्तीस वर्षं धरत होते तसं सरळ धरलं. लोटकं जागेवर राहिलं नाही. नुसता गुलाल होता, हवेत, बराच वर, आणि दोरीला लोटक्याचा गळा लोंबत होता. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस त्या दिवशी पहिल्यांदाच योग्य ठिकाणी वेळेत पोचली.

रणधीरने सुटकेचा श्वास टाकला तो मला बांधाआडपर्यंत ऐकू आला. सरपंचांनी काठी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिली आणि ध्वनिक्षेपकावर जाहीर केलं की समितीच्या शास्त्रीय मार्गदर्शनाखाली परंपरेचं जतन झालेलं आहे. मामांनी आपट्याचं पहिलं पान तोडून अप्पासाहेबांच्या हातावर ठेवलं. अप्पासाहेबांच्या मिशांत गुलाल गेला होता आणि ते तो झटकत नव्हते. दुसरं पान खरं तर सरपंचांचं. मामा ते घेऊन बायकांच्या बाजूला गेले आणि शमशादला देऊन आले. सरपंचांनी तिसरं घेतलं. पुढच्या वर्षापासून तीच रीत झाली.

अंधार पडायच्या आत गर्दी पांगली. मामा बायजाला मांडीवर घेऊन बांधावर बसले होते, मानाचा नारळ फोडून. एक वाटी त्यांनी माझ्यापुढे केली. आम्ही खोबरं खात बसलो.

"सर," थोड्या वेळाने ते म्हणाले, "शेवटी फरक केवढा भरला म्हणालात?"

"चार दशांश मिलिमीटर."

"म्हंजे केवढं?"

मी विचार केला. मग त्यांना अंगठ्याचं नख दाखवलं. "नखाची जाडी असते ना, तेवढं."

मामांनी स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, मग आडवा करून कडेने पाहिला. खालच्या ओळीखालचं छापखान्याचं नाव वाचणारे डोळे ते.

"एवढंच?" ते म्हणाले. "शमशादची आई चाळीस वर्सं घरात व्हती, सर. मला वाटलं जादा भरंल."

"माझं यंत्र चुकतं, मामा," मी म्हणालो. "तुम्हाला ठाऊक आहे."

"हां," मामा म्हणाले आणि खोबऱ्याचा पुढचा तुकडा तोंडात टाकला. "मग बराबर हाय."